ऑनलाइन दुकान आणि ईआरपी यांचा मेळ : वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन दुकानातील विक्रीची माहिती व्यवसायाच्या अंतर्गत हिशेबाशी कशी जोडावी, या विषयावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. खरेदी, साठा, बिले, येणे-देणे आणि हिशेब एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या प्रणालीला ईआरपी म्हणतात. ईआरपीनेक्स्ट, ओडू, झोहो ही त्यांतील परिचित नावे आहेत. आपल्याकडील अनेक दुकानांत टॅली ही हिशेबाची प्रणाली असते, म्हणून तिचाही विचार उत्तरांत केला आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सुभाषनगरमध्ये आमचे कोल्हापुरी चपला बनवण्याचे घरचे काम आहे आणि चप्पल लाइनमध्ये लहानसे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी वू-कॉमर्सवर स्वतःची वेबसाइट सुरू केली आणि आता एका मोठ्या मार्केटप्लेसवरही माल लावला आहे. अडचण अशी, की काउंटरवर विकला गेलेला जोड वेबसाइटवर तसाच दिसत राहतो आणि त्याच जोडाची ऑर्डर येते. ईआरपी घेऊन कनेक्टर बसवला की हे आपोआप थांबेल, असे विक्रेते सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : कनेक्टर एका प्रणालीतील माहिती दुसरीत नेऊन ठेवतो, तेवढेच त्याचे काम. दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे असतील, तर त्यांतला खरा कोणता हे त्याला ठरवता येत नाही. ते आपण ठरवायचे असते आणि तेही कनेक्टर विकत घेण्यापूर्वी. पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असल्या, तरी नोंद आधी रोजकीर्दीत होते आणि तिथून खतावणीत जाते. खतावणीत परस्पर आकडा फिरवण्याची मुभा कोणताही दिवाणजी देत नाही. येथेही प्रत्येक प्रकारच्या माहितीची मूळ वही कोणती, हे एकदा कागदावर लिहून काढावे. आपल्या व्यवसायात साठ्याची मूळ नोंद ईआरपीमध्ये असावी आणि वेबसाइट व मार्केटप्लेस यांनी ती फक्त वाचावी. छायाचित्रे आणि मालाचे वर्णन यांचे मूळ वेबसाइटवर ठेवावे, कारण ग्राहकासाठीची भाषा तिथेच लिहिली जाते. ऑर्डर जिथे आली तिथे तिचा जन्म होतो आणि तिथून ती ईआरपीत येते. किमतीचे मूळ कुठे ठेवावे हा आपल्या सोयीचा प्रश्न आहे, परंतु ते दोन्हीकडे असता कामा नये. ‘दोन्ही दिशांनी सिंक’, म्हणजे दोन्ही प्रणालींनी एकमेकींची माहिती आपोआप जुळती करणे, हे शब्द जाहिरातीत आकर्षक वाटतात. प्रत्यक्षात साठ्याचा आकडा दोन्हीकडून बदलता येऊ लागला, की एकीकडचा बदल दुसरीकडचा बदल पुसून टाकतो आणि कोणाचा कोणी पुसला याचा माग राहत नाही.

आता चपलेकडे येऊ. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी हे प्रकार, त्यात रंग आणि त्यात माप, असे मिळून एकाच नावाच्या चपलेचे वीस-पंचवीस उपप्रकार सहज होतात. साठा या प्रत्येक उपप्रकाराचा वेगळा मोजावा लागतो आणि त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे एसकेयू, द्यावा लागतो. तीनही ठिकाणी तो अक्षरशः एकच असला पाहिजे. मालाच्या नावावरून जुळणी करण्याच्या भानगडीत कधीही पडू नये, कारण वेबसाइटवर ‘कापशी कोल्हापुरी, तपकिरी’ आणि मार्केटप्लेसवर ‘पुरुषांची हाताने बनवलेली चामडी चप्पल’ अशी दोन नावे एकाच जोडाला असतात. एसकेयू रिकामा असला किंवा त्याच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली, तर बहुतेक कनेक्टर तो माल नवा समजून ईआरपीत दुसरी नोंद उघडतात. अशा दुहेरी नोंदी पुढे महिनोन् महिने निस्तराव्या लागतात. एक्सेलमध्ये यादी करताना विशेष काळजी घ्यावी. ‘०८’ असे लिहिलेले माप एक्सेल ‘८’ करून टाकते, आणि ८९० पासून सुरू होणारा तेरा अंकी बारकोड ‘८.९ई+१२’ अशा रूपात दाखवते. तीच फाइल त्या रूपात सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराची यादी म्हणून, जतन झाली, तर बारकोडचे शेवटचे अंक कायमचे जातात. म्हणून हे दोन्ही रकाने आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचे करून मगच त्यांत माहिती भरावी.

साठा मोजताना आणखी एक भेद पाळावा लागतो. फळीवर तीन जोड आहेत आणि त्यांपैकी एकाची ऑर्डर आली आहे, पण पार्सल अजून बांधलेले नाही. अशा वेळी वेबसाइटला तीन हा आकडा पाठवायचा नसून दोन पाठवायचा असतो. ईआरपीत हातातील साठा आणि विक्रीस उपलब्ध साठा हे दोन वेगळे आकडे असतात; कनेक्टर त्यांपैकी कोणता उचलतो, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारून घ्यावे. हातकामाच्या मालात एका मापाचा बऱ्याचदा एकच जोड असतो आणि तिथे कोणतीही सिंक पूर्णपणे पुरी पडत नाही, कारण साठ्याचा आकडा पाच किंवा पंधरा मिनिटांनी जात असेल, तर मधल्या काळात तो जोड दोघांनी घेतलेला असू शकतो. यावर माझे मत असे, की शेवटचा एकमेव जोड मार्केटप्लेसवर दाखवूच नये. तो काउंटरसाठी आणि स्वतःच्या वेबसाइटसाठी राखून ठेवावा. मार्केटप्लेसवर ऑर्डर रद्द करावी लागली, तर विक्रेता म्हणून आपली पत घसरते. वेबसाइटवरच्या ग्राहकाला निदान फोन करून दुसरा जोड सुचवता येतो. ‘ऑर्डरनंतर तयार करून देऊ’ अशी सोय ठेवली असेल, तर पावसाळ्यात ती बंद करावी किंवा दिवस वाढवून दाखवावेत, कारण चामडे वाळायला लागणारा वेळ कोणतीही प्रणाली कमी करू शकत नाही.

काउंटरचा मुद्दा मुद्दामच शेवटी घेतो आहे, कारण आपल्या तक्रारीचे खरे मूळ तिथे आहे. दुकानात विकलेल्या जोडाचे बिल रात्री एकदम बसून करण्याची पद्धत असेल, तर जगातील कोणताही कनेक्टर दिवसभर चुकीचाच आकडा वाहून नेणार. विक्री होताक्षणी ईआरपीत नोंद झाली पाहिजे. त्यासाठी काउंटरवर एक बारकोड वाचक आणि पेटीवर चिकटवलेली बारकोडची चिठ्ठी एवढे पुरते. ही शिस्त घरच्या माणसांना मान्य नसेल, तर ईआरपीवर पैसे घालण्याची घाई करू नये.

आणि एक सावधगिरी. जोडणी प्रथम चालू करताना ईआरपीतील साठा शून्य असेल, तर ते शून्य वेबसाइटवर जाते आणि पाच मिनिटांत सगळी वेबसाइट ‘माल संपला’ असे दाखवू लागते. म्हणून आधी प्रत्यक्ष मालाची मोजणी करावी, दोन्ही बाजूंची संपूर्ण यादी उतरवून बाजूला ठेवावी, चार-पाच वस्तूंवर जोडणी तपासून पाहावी आणि मगच बाकीच्या वस्तू घ्याव्यात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची गर्दी असताना किंवा दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नये.

प्रश्न : आम्ही कागल तालुक्यातून सेंद्रिय गूळ, काकवी आणि कांदा-लसूण मसाला शॉपिफायवरील दुकानातून विकतो. कनेक्टर बसवल्यापासून काही ऑर्डर ईआरपीत येतात आणि काही येतच नाहीत. शिवाय गुळाचा साठा कधीच जुळत नाही.

उत्तर : न येणाऱ्या ऑर्डरी काढून पाहा, त्या बहुधा सर्व ‘पार्सल मिळाल्यावर पैसे’ या प्रकारच्या असतील. शॉपिफायमध्ये अशा ऑर्डरची स्थिती ‘पैसे येणे बाकी’ अशी असते आणि अनेक कनेक्टरांची मूळ मांडणी फक्त पैसे भरलेल्या ऑर्डर उचलण्याची असते. सेटिंगमध्ये ही अट बदलता येते. ती बदलताना मात्र एक गोष्ट ठरवावी लागेल : अशा ऑर्डरला ईआरपीत केवळ विक्री-आदेश म्हणून नोंदवायचे, की लगेच बिलही करायचे. माझी शिफारस अशी आहे, की ऑर्डर आली की विक्री-आदेश करून साठा राखून ठेवावा, पार्सल बाहेर पडताना बिल करावे आणि पैसे मात्र कुरिअर कंपनीकडून प्रत्यक्ष जमा झाल्यावरच ग्राहकाच्या खात्यावर मांडावेत. न स्वीकारता परत आलेल्या पार्सलचा साठा आपोआप वाढवू देऊ नका. काकवीची बाटली फुटून आली असेल किंवा मसाल्याचे पाकीट फाटले असेल, तर तो माल विक्रीयोग्य नसतो. परतीसाठी ईआरपीत वेगळे गोदाम उघडावे, माल आधी तिथे घ्यावा आणि तपासून मगच मूळ साठ्यात आणावा.

गुळाच्या साठ्याचे दुखणे परिमाणाचे आहे. गुऱ्हाळावरून आपण माल क्विंटलने किंवा रव्यांनी, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपांनी, घेता आणि वेबसाइटवर तो एक किलोच्या भेलीच्या किंवा अर्ध्या किलोच्या खोक्याच्या रूपाने विकता. वेबसाइटला रवा म्हणजे काय हे माहीत नाही. तिला फक्त नग कळतात. ईआरपीत रवा फोडून किंवा नव्याने साच्यात घालून पॅकिंग करणे ही एक वेगळी उत्पादन-नोंद म्हणून दाखवावी लागते : इतका कच्चा माल गेला, इतकी खोकी झाली आणि इतकी घट आली. घट लिहायला संकोच करू नये. ती न लिहिल्यामुळेच कागदावरचा गूळ आणि गोदामातला गूळ यांत दर आठवड्याला अंतर वाढत जाते. गूळ, काकवी आणि मसाला अशी एकत्र भेटपेटी विकत असाल, तर तिला स्वतःचा साठा देऊ नये. ईआरपीत तिची घटकयादी लिहावी, म्हणजे एक पेटी विकली गेली की तीनही वस्तूंचा साठा कमी होईल आणि तिघांपैकी जी वस्तू सर्वांत कमी असेल तिच्यावरून पेट्यांची उपलब्ध संख्या ठरेल. खाद्यपदार्थ असल्यामुळे पॅकिंगची तारीख आणि बॅच क्रमांकही नोंदवावेत. ते वेबसाइटवर जाण्याची गरज नाही, पण कोणत्या ग्राहकाला कोणत्या बॅचचा माल गेला हे ईआरपीने सांगितले पाहिजे, कारण एखाद्या बॅचबद्दल तक्रार आली तर तेवढ्याच ग्राहकांना कळवता येते.

प्रश्न : मी राजारामपुरीत कर सल्लागार म्हणून काम करते. माझ्या दोन पक्षकारांनी ऑनलाइन दुकान हिशेबाला जोडल्यापासून विक्रीचा आकडा, बँकेत आलेली रक्कम आणि जीएसटी विवरणपत्र या तिन्हींत मेळ लागेनासा झाला आहे. तपासायला कुठून सुरुवात करावी?

उत्तर : बँकेपासून सुरुवात करावी, कारण तिथला आकडा वादातीत असतो. पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे पैसे ऑनलाइन स्वीकारणारी मध्यस्थ सेवा, ग्राहकाने भरलेली पूर्ण रक्कम बँकेत टाकत नाही. समजा ग्राहकाने २,००० रुपये भरले आणि गेटवेचे शुल्क २ टक्के आहे. तर ४० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७ रुपये २० पैसे वजा होऊन १,९५२ रुपये ८० पैसे जमा होतात, आणि तेही एकेका ऑर्डरचे वेगळे नव्हे, तर दिवसभराच्या ऑर्डरींची एकत्र रक्कम म्हणून, एक-दोन दिवसांनी. कनेक्टर ऑर्डर आल्याबरोबर २,००० रुपये थेट बँक खात्यात जमा दाखवत असेल, तर मेळ कधीच लागणार नाही. मध्ये गेटवेच्या नावाचे एक उचंत, म्हणजे तात्पुरते, खाते उघडावे. ऑर्डरची रक्कम तिथे नावे पडावी, आणि गेटवेचे जमापत्रक आले की त्याच खात्यातून बँक, शुल्क आणि शुल्कावरील जीएसटी अशी तीन ठिकाणी फोड व्हावी. शुल्कावरील जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, नियमानुसार घेता येते, पण निव्वळ रक्कम विक्री म्हणून लिहिणारे अनेक व्यापारी ते सोडून देतात आणि विक्रीही कमी दाखवून बसतात. उचंत खात्यात महिनाअखेर जी शिल्लक उरेल, ती म्हणजे गेटवेकडे अडकलेली रक्कम. ती समजावून सांगता आली नाही, तर चूक तिथेच शोधावी.

मार्केटप्लेसवरील विक्रीत याखेरीज दोन वजावटी असतात. जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खालील टीसीएस (मार्केटप्लेसने गोळा करायचा कर) १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाला आणि आयकर कायद्याच्या कलम १९४-ओ खालील टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. जुन्या कनेक्टरमध्ये हे दर आकड्यानेच लिहून ठेवलेले असतील, तर तेव्हापासूनचा प्रत्येक ताळा थोडा थोडा चुकत आला असणार. पक्षकाराच्या स्वतःच्या वेबसाइटवरील स्वतःच्या मालाच्या विक्रीला टीसीएस लागू होत नाही, म्हणून दोन्ही मार्गांची विक्री ईआरपीत वेगळ्या खुणेने यावी.

त्यानंतर कराची रक्कम पाहावी. ऑनलाइन दुकानातील किंमत बहुधा करासहित असते, तर ईआरपी मूळ किमतीवर कर चढवते. ५ टक्के कराच्या वस्तूची किंमत १,०५० रुपये असेल, तर ती १,००० अधिक ५० अशी फुटली पाहिजे. कनेक्टरने १,०५० लाच मूळ किंमत धरली, तर बिल १,१०२ रुपये ५० पैशांचे होते. पादत्राणांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर आहे. म्हणजे दर वस्तूवर ठरत नाही, विक्रीच्या किमतीवर ठरतो. मूळ किमतीने वरच्या टप्प्यात असलेला जोड सवलतीत खालच्या टप्प्यात आला, तर दरही बदलतो. ईआरपीत वस्तूच्या नोंदीवर कायमचा १८ टक्के लिहिलेला असेल आणि वेबसाइटने सवलतीनंतर ५ टक्के आकारला असेल, तर फरक आपल्या विवरणपत्रात उतरतो. कर मोजण्याचे काम दोघांपैकी एकानेच करावे आणि दुसऱ्याने त्याची रक्कम जशीच्या तशी घ्यावी. ते एक कोणते, हे पक्षकाराकडून लेखी ठरवून घ्या.

ग्राहकाचे राज्य कुठून घेतले जाते हेही पाहा. माल पाठवण्याचा पत्ता कर्नाटकातील निपाणीचा आणि बिलाचा पत्ता कोल्हापूरचा अशा ऑर्डरी आपल्या सीमाभागात नेहमीच्या आहेत, आणि सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यांतर्गत विक्रीवरील कर) की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातील विक्रीवरील कर) हा निर्णय कनेक्टर कोणता पत्ता वाचतो यावर अवलंबून राहतो. बिल क्रमांकाला जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे सोळा अक्षरांची मर्यादा आहे आणि तो आर्थिक वर्षात सलग व एकमेव असावा लागतो. वेबसाइटचा ऑर्डर क्रमांक हाच बिल क्रमांक करण्याचा मोह टाळावा, कारण रद्द झालेल्या ऑर्डरींमुळे त्यात खंड पडतात. क्रमांक ईआरपीने द्यावा आणि ऑर्डर क्रमांक संदर्भ म्हणून शेजारी ठेवावा. परत आलेल्या मालासाठी मूळ बिल खोडू नये, क्रेडिट नोट करावी. पक्षकार कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, हे आपण जाणताच.

शेवटी तारखा. अनेक प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात, आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता आलेली ऑर्डर त्या वेळेप्रमाणे ३१ मार्चच्या रात्री साडेनऊची ठरते. कनेक्टरने तारखेचे रूपांतर केले नाही, तर ती ऑर्डर मागील आर्थिक वर्षात जाऊन बसते. रोज मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतील ऑर्डरी वेगळ्या काढून त्यांच्या तारखा पाहिल्या, की हा दोष आहे की नाही ते लगेच कळते.

प्रश्न : उद्यमनगरमधील एका पंप आणि सुट्या भागांच्या व्यापाऱ्यासाठी मी वू-कॉमर्स आणि ईआरपीनेक्स्ट यांची जोडणी स्वतः लिहीत आहे. वेबहूक वापरावेत, की ठरावीक वेळाने एपीआयवरून, म्हणजे दुकानाच्या प्रणालीने इतर प्रोग्रॅमना दिलेल्या मार्गाने, माहिती ओढावी? काही ऑर्डर दोनदा नोंदल्या जातात, तर कधी रात्रीत काहीच येत नाही.

उत्तर : दोन्ही वापरावेत. वेबहूक म्हणजे ऑर्डर येताच दुकानाने आपल्या सर्व्हरला दिलेली वर्दी. ती लगेच मिळते, पण मिळेलच याची हमी नसते आणि एकच वर्दी दोनदाही येऊ शकते. म्हणून वर्दीवर काम करावे आणि शिवाय दर तासाला किंवा रात्री एकदा, मागील काळात बदललेल्या सर्व ऑर्डरी ओढून आपल्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. या ताडणीलाच खरी सिंक म्हणावे असे मला वाटते. वेबहूक ही तिच्यावरची घाईची सोय आहे.

ऑर्डर दोनदा नोंदली जाणे थांबवण्यासाठी ईआरपीनेक्स्टमधील विक्री-आदेशावर दुकानाचा ऑर्डर क्रमांक ठेवणारा एक स्वतंत्र रकाना करा आणि त्यावर ‘एकमेव’ अशी अट डेटाबेसच्या पातळीवर घाला. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ एवढे कोडमध्ये लिहून भागत नाही, कारण दोन वर्द्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ऑर्डर सापडत नाही आणि दोन्ही ती घालतात. वेबहूकची स्वाक्षरी, म्हणजे वर्दी खरोखर दुकानाकडूनच आल्याची खूण, तपासा, वर्दी रांगेत टाकून ताबडतोब होकार पाठवा आणि खरे काम मागून करा. वर्दी घेतल्या घेतल्या बिल, साठा, ईमेल असे सर्व करत बसलात तर उत्तर उशिरा जाते आणि दुकान ते अपयश समजते. वू-कॉमर्समध्ये वर्दी सलग पाच वेळांहून अधिक अयशस्वी झाली, की तो वेबहूक आपोआप बंद होतो आणि हाताने पुन्हा चालू करेपर्यंत बंदच राहतो. आपला सर्व्हर व्यापाऱ्याच्या कार्यालयात असेल आणि रात्री वीज किंवा इंटरनेट जात असेल, तर ‘रात्रीत काहीच येत नाही’ याचे कारण इथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरे कारणही तपासा. वू-कॉमर्स वर्डप्रेसवर चालते आणि वर्डप्रेसची वेळापत्रकाची यंत्रणा खऱ्या घड्याळावर चालत नाही. कोणीतरी वेबसाइट उघडली की ती जागी होते. सुट्या भागांच्या दुकानात रात्री अकरानंतर ग्राहक फिरकला नाही, तर बाराचे काम सकाळपर्यंत तसेच पडून राहते. ही यंत्रणा बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवरून (घड्याळाप्रमाणे कामे सुरू करणाऱ्या सोयीवरून) ती दर पाच मिनिटांनी जागी करावी. ऑर्डरी ओढताना पानांकडे लक्ष द्या : वू-कॉमर्सचे एपीआय एका पानात मुळात दहाच नोंदी देते आणि जास्तीत जास्त शंभर. पहिले पान वाचून थांबणारा कोड चाचणीत बिनचूक चालतो, कारण चाचणीत दहाहून अधिक ऑर्डरी कोणी करत नाही.

अयशस्वी झालेल्या नोंदींची यादी व्यापाऱ्याला समजेल अशा मराठीत पडद्यावर दाखवा. ‘एसकेयू सापडला नाही : इंपेलर, अमुक माप’ असे वाचले, की दुकानातील माणूस ते स्वतः दुरुस्त करतो आणि पुन्हा पाठवण्याचे बटण दाबतो. लॉगच्या फाइलमध्ये पडलेली चूक कोणी वाचत नाही. एपीआयच्या किल्ल्यांना गरजेपुरतेच अधिकार द्यावेत. साठा वाचणाऱ्या किल्लीला ग्राहकांचे फोन क्रमांक उघडता येण्याचे कारण नाही.

प्रश्न : शॉपिफायवरील आमच्या जुन्या ऑर्डरी ईआरपीत आणायच्या आहेत, पण मागील दोन महिन्यांपलीकडच्या येतच नाहीत. (इचलकरंजी)

उत्तर : शॉपिफाय बाहेरील अॅपला मूळच्या परवानगीत शेवटच्या साठ दिवसांतील ऑर्डरीच वाचू देते. त्यापूर्वीच्या हव्या असल्यास अॅपला स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. पण मी विचारीन, की त्या हव्यात कशासाठी? त्यांची बिले झाली आहेत, विवरणपत्रे भरली आहेत. त्या पुन्हा ईआरपीत आणल्या, तर साठा आणि विक्री दोन्ही दुसऱ्यांदा हलतील. एक तारीख ठरवावी, शक्यतो महिन्याची पहिली. त्या दिवशीचा आरंभीचा साठा, येणी-देणी आणि तोवर पूर्ण न झालेल्या ऑर्डरी तेवढ्या आणाव्यात. जुन्या ऑर्डरींची सीएसव्ही फाइल उतरवून जपून ठेवली, की संदर्भाला ती पुरते.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत आमचे किराणा आणि मसाल्यांचे घाऊक दुकान आहे. हिशेब टॅलीत आहे आणि तो बदलायचा नाही. ऑनलाइन ऑर्डर थेट टॅलीत आणता येतील का?

उत्तर : येतील, आणि आपल्या व्यवसायाला तेवढे पुरेसेही असू शकते. टॅली बाहेरून आलेल्या नोंदी एक्सएमएल या ठरावीक मांडणीच्या फाइलच्या रूपात स्वीकारते. त्यासाठी ती संगणकावर चालू असावी लागते आणि तिच्यात संबंधित कंपनी उघडलेली असावी लागते. दुकान बंद करताना संगणक बंद होतो, म्हणून वेबसाइटने टॅलीकडे धाव घेण्याची रचना येथे चालत नाही. दुकानातील संगणकावरच्या एका छोट्या प्रोग्रॅमने सकाळी उठून रात्रीच्या ऑर्डरी वेबसाइटवरून ओढून आणाव्यात, अशी उलट दिशा ठेवावी. मालाची नावे टॅलीत मराठी बोलीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि तीही तीन-तीन प्रकारांनी लिहिलेली असतात. आधी ती एक करावीत, प्रत्येक मालाला पार्ट नंबर द्यावा आणि जुळणी त्यावरून करावी.

आपण लक्ष्मीपुरीत आहात म्हणून आणखी एक विनंती. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या कोणकोणत्या पेठांत शिरले होते, हे आपल्याला सांगायला नको. टॅलीचा रोजचा बॅकअप त्याच खोलीतील पेन ड्राइव्हवर न ठेवता शहराबाहेरच्या सर्व्हरवर जाईल अशी सोय या कामाबरोबरच करून घ्या, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

प्रश्न : हुपरीत आमचे चांदीच्या पैंजणांचे काम आहे. चांदीचा भाव रोज बदलतो. वेबसाइटवरील प्रत्येक दागिन्याची किंमत रोज हाताने बदलणे शक्य नाही.

उत्तर : आपल्या बाबतीत किंमत ही साठवायची गोष्टच नव्हे, ती मोजायची गोष्ट आहे. ईआरपीत दिवसाचा भाव एका ठिकाणी लिहावा आणि प्रत्येक दागिन्यावर निव्वळ वजन, शुद्धता आणि मजुरी नोंदवावी. त्यांवरून किंमत मोजून ती वेबसाइटवर पाठवण्याचे काम सिंक करील. प्रत्येक नगाचे वजन थोडे वेगळे असल्याने ‘एक नमुना, अनेक नग’ अशी मांडणी फसते. नगवार वजन लिहा, किंवा सरासरी वजनावर किंमत ठेवून तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा. पहिला मार्ग कष्टाचा आहे, पण चांदीच्या व्यवहारात मी तोच सुचवीन.

भाव बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. किंमत बदलण्याचे काम सुरू असताना निम्मे दागिने जुन्या आणि निम्मे नव्या भावाने दिसू शकतात, म्हणून ते सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ठरलेल्या वेळी करावे आणि भाव लिहिताना शून्य जास्त पडले तर प्रणालीने थांबून विचारावे, अशी मर्यादा घालून ठेवावी. आदल्या दिवसापेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक फरक दिसला, की मालकाच्या मंजुरीशिवाय नवा भाव पुढे जाऊ नये. आणि ग्राहकाने पैसे भरले त्या क्षणीची किंमत ऑर्डरबरोबर ईआरपीत आली पाहिजे. अनेक जोडण्या फक्त वस्तू आणि नग पाठवतात आणि किंमत ईआरपीला तिच्या यादीतून लावू देतात. मग सोमवारी घेतलेल्या पैंजणाचे बिल मंगळवारच्या भावाने निघते. कनेक्टर घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर एक ऑर्डर करून, ईआरपीतील भाव बदलून आणि मग ती ऑर्डर ओढून हे प्रत्यक्ष पाहून घ्या.